दोन कानून

एखाद्या भयंकर खुनाची वार्ता कानावर आली म्हणजे आपल्या तोंडून दोन उद्गार एकापाठोपाठ एक बाहेर पडतात. पहिला, ‘हा माणूस वेडाच असला पाहिजे’. आणि दुसरा, ‘त्याला फासावर चढविला पाहिजे’. हे दोन्ही उद्गार एकाच श्वासात काढताना आपण काही विसंगत बोलत आहो अशी शंकाही आपणांस येत नाही. वस्तुतः पहिला खरा असेल, तर दुसरा काढण्याचा अधिकार आपणांस उरत नाही. आणि दुसरा न्याय्य असेल, तर पहिला आपण उगाच, केवळ स्वतःच्या समाधानासाठी, काढलेला असतो. असले कृत्य आपल्यासारखा शहाणा माणूस करूच शकणार नाही, एवढे एकदा स्वतःला पटवून घेतले की रात्रीची झोप नीट लागते.

मराठी भाषेने हा सारा घोळ एका शब्दात साठवून ठेविला आहे. तो शब्द म्हणजे येरवडा. ‘याला येरवड्याला पाठवा’ असे कोणी म्हटले की ऐकणारास वेड्यांचे इस्पितळ आठवते; आणि ‘तो येरवड्यास होता’ असे म्हटले की तुरुंगाची भिंत डोळ्यांपुढे उभी राहते. पुण्याच्या एकाच उपनगरात या दोन्ही संस्था नांदत आहेत, हा केवळ स्थलाचा योगायोग खरा. परंतु कोणाला कोणत्या दारातून आत न्यावयाचे, हा प्रश्न योगायोगाने सुटत नाही. रमण राघव या नावाच्या एका माणसाच्या बाबतीत तो १९६८ साली उत्पन्न झाला, आणि १९९५ साली तो माणूस मरेपर्यंत पुरता सुटला असे मला म्हणवत नाही.

ज्यांचे वय आज साठीच्या पलीकडे आहे आणि ज्यांचे बालपण मुंबईत गेले, त्यांस हे नाव निराळे सांगावयास नको. मी त्या वेळी दहा वर्षांचा होतो. वडील गिरणीत, आम्ही लालबागेतील चाळीत, आणि आमचे एक चुलते मालाडच्या बाजूला कामगारांच्या झोपडीत, अशी आमच्या घराण्याची मुंबईतील वाटणी होती. ऑगस्ट महिना होता. एके दिवशी संध्याकाळी चुलते, चुलती आणि त्यांची दोन मुले अंथरुणाच्या वळकट्या घेऊन आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आली, ती पुढे पंधरा दिवस रात्रीची तेथेच झोपत. चुलतीने आम्हा मुलांस सांगितले की, तो खुनी मांजराचे रूप घेतो. शेजारच्या खोलीतील बाईंनी त्यास पोपटाचेही रूप दिले. परिणाम एवढाच झाला की, चाळीच्या जिन्याखाली इतकी वर्षे सुखाने राहणाऱ्या एका गरीब मांजरीस आम्ही दगड मारून हाकलून दिले. उपनगरांतून तर पुरुषमंडळी काठ्या घेऊन रात्रभर गस्त घालीत, आणि दाढी वाढलेला कोणी अनोळखी भटक्या दिसला की विचारपूस होण्यापूर्वीच त्यास मार बसे, असे चुलते सांगत. भय माणसाला शहाणपण शिकविते ही म्हण कोणी केली असेल तर त्याने भय पाहिले नव्हते.

भयाचे कारण मात्र पोपटामांजराचे नव्हते. ते अगदी खरे होते. मुंबईच्या उत्तरेकडील उपनगरांत झोपड्यांतून आणि उघड्यावर निजलेल्या माणसांच्या डोक्यात कोणीतरी रात्री येऊन कठीण, बोथट हत्याराचे घाव घालीत होता. खुनामागे वैर नाही, आणि लूट म्हणावी तर ती इतकी क्षुल्लक की तिच्यासाठी कोणी कोणाचा जीव घेईल हे मनास पटू नये. शहराच्या गुन्हे-अन्वेषण शाखेचे प्रमुख रमाकांत कुलकर्णी यांनी तपास स्वतःकडे घेतला. त्यांनी जुनी दप्तरे काढविली तेव्हा असे आढळले की, हा प्रकार नवा नव्हता. १९६५-६६ च्या सुमारास मुंबईच्या पूर्व बाजूस, ज्या लोहमार्गास जुनी माणसे जी. आय. पी. म्हणत त्याच्या कडेच्या वस्त्यांत, १९ जणांवर असेच हल्ले झाले होते आणि त्यांपैकी ९ जण मेले होते. त्या वेळी संशयावरून धरलेल्या इसमांत हा रमण राघवही होता. दरोड्याच्या गुन्ह्यात पाच वर्षे शिक्षा भोगलेला, घर ना दार असा तो माणूस. पण पुरावा नाही म्हणून त्यास सोडून देण्यात आले होते. त्याचे छायाचित्र व बोटांचे ठसे तेवढे दप्तरात राहिले. पुढे उपयोगास आले ते हेच.

२७ ऑगस्ट १९६८ रोजी फियालो नावाच्या एका फौजदारांनी त्यास डोंगरी भागात ओळखून धरले. अंगात खाकी अर्धी विजार व बुशशर्ट, आणि कपड्यांवर रक्ताचे डाग. त्याच्याजवळ सापडलेल्या वस्तूंची यादी मी प्रथम वाचली तेव्हा बराच वेळ तिच्यावरच थबकलो होतो. एक चष्मा, दोन फण्या, एक कात्री, उदबत्तीचे घर, साबण, लसूण, चहाची भुकटी, आणि आकडेमोड केलेले दोन कागद. एखाद्या गरीब ब्रह्मचाऱ्याचा संसार वाटावा अशी ही यादी आहे. राक्षसाच्या झोळीत राक्षसी वस्तू सापडाव्यात अशी आपली अपेक्षा असते. लसूण आणि फणी सापडली म्हणजे आपली कल्पनाशक्ती खजील होते.

नाव विचारता त्याने निरनिराळी नावे सांगितली. सिंधी दळवाई, तळवाई, अण्णा, थंबी, वेलुस्वामी अशी त्याची अनेक नावे दप्तरात आहेत. ठसे जुळले आणि ओळख पटली. परंतु तोंडातून शब्द निघेना. काही दिवस असे गेल्यावर, तुला काही पाहिजे काय, असे विचारता तो म्हणाला, ‘मुर्गी’. मुर्गी दिली. ती पोटभर खाऊन झाल्यावर, आणखी काय पाहिजे असे विचारले, पुन्हा मुर्गीच. मग सुवासिक तेल, फणी आणि आरसा. तेल अंगाला व डोक्याला चोळून, भांग काढून, आरशात आपले मुख समाधानाने निरखून झाल्यावर त्यानेच उलट विचारले की, तुम्हांस काय पाहिजे? खुनांची माहिती पाहिजे असे सांगताच तो घडाघड बोलू लागला. त्याच्या कबुलीत आलेला आकडा ४१ चा होता.

या प्रसंगावरून दोन परस्परविरुद्ध अनुमाने निघतात, आणि दोन्ही तितकीच सरळ वाटतात. एकजण म्हणेल, फासाची दोरी डोळ्यांपुढे लोंबत असता जो माणूस भांग काढीत बसतो, त्याचे डोके ठिकाणावर कसे असेल? दुसरा म्हणेल, आपल्याजवळ विकण्याजोगा काय माल आहे हे ज्यास नेमके कळते आणि त्याची किंमत जो मुर्ग्यांत वसूल करून घेतो, त्यास वेडा म्हणणारेच वेडे. पुढे न्यायालयात जे झाले, ते या दोन अनुमानांचेच भांडण होय.

खटला चालला तो एवढ्या साऱ्या खुनांबद्दल नव्हे, तर मालाडजवळील चिंचवली येथे २५-२६ ऑगस्टच्या रात्री मारल्या गेलेल्या दोन झोपलेल्या माणसांबद्दल. जून १९६९ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात काम सुरू होताच बचावाच्या वकिलांनी सांगितले की, आरोपीस स्वतःचा बचाव करण्याइतके भान नाही. न्यायालयाने त्यास पोलिस सर्जनांच्या निरीक्षणाखाली ठेविले. २८ जून ते ५ ऑगस्ट असे सुमारे सहा आठवडे निरीक्षण करून त्यांनी अहवाल दिला की, त्यास मनोविकृती नाही, स्मरणशक्ती शाबूत आहे, बुद्धी सामान्य माणसाइतकी आहे, आणि आपण काय करतो व कशासाठी करतो हे त्यास समजते. आरोपीने गुन्हा कबूल केला. बचावपक्षाने नायर रुग्णालयातील एका मनोविकारतज्ज्ञांस साक्षीस आणले. त्यांनी ऑर्थर रोडच्या तुरुंगात पाच वेळा, दर वेळी दोन दोन तास, आरोपीशी बोलून असे मत दिले की, हा माणूस दीर्घकाळापासून पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया, म्हणजे संशयप्रधान छिन्नमनस्कता, या व्याधीने ग्रस्त आहे. आपण माणूस मारीत आहो हे त्यास कळे, परंतु ते कायद्याविरुद्ध आहे हे त्यास कळणे शक्य नव्हते. न्यायाधीशांस हे पटले नाही. फाशीची शिक्षा झाली. आणि मला अपील करावयाचे नाही असे आरोपीने आपल्या वकिलास सांगून टाकले.

येथे कायद्याकडे थोडे वळले पाहिजे. त्या काळी लागू असलेल्या भारतीय दंडविधानाचे कलम ८४ असे होते की, कृत्य करतेवेळी मनाच्या विकृतीमुळे ज्यास आपल्या कृत्याचे स्वरूप कळत नव्हते, किंवा ते अनुचित अथवा कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हते, त्याच्याकडून गुन्हा घडलाच नाही असे समजावे. १ जुलै २०२४ पासून त्या दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि हे कलम २२ वे झाले. आशय मात्र जुनाच राहिला. आशय जुना म्हणजे किती जुना? लंडनमध्ये २० जानेवारी १८४३ रोजी डॅनिएल मॅकनॉटन नावाच्या एका स्कॉटिश सुताराने पंतप्रधान सर रॉबर्ट पील यांच्या चिटणिसास, ड्रमंड यास, गोळी घातली. टोरी पक्ष आपला छळ करीत आहे, गावोगाव आपला पाठलाग करीत आहे, असा त्याचा भ्रम होता. पंचांनी त्यास वेडा ठरवून निर्दोष सोडले व त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली. इंग्लंडात केवढा गहजब उडाला! खुद्द राणीसाहेबांस हा निकाल रुचला नाही. तेव्हा सरदारसभेने न्यायाधीशांस प्रश्न घातले, आणि त्यांनी दिलेल्या उत्तरांतून जी कसोटी निघाली ती १८६० साली आमच्या दंडविधानात उतरली. तात्पर्य, एका वेड्यास सोडल्याबद्दल रागावलेल्या लोकांची समजूत घालण्यासाठी जे शब्द योजिले गेले, त्यांच्यावर आमच्या येथील वेड्यांचे मरणजगणे आजवर तोलले जाते. गंमत अशी की, त्या कसोटीस खुद्द मॅकनॉटन उतरला असता की काय याचीच अनेक कायदेपंडितांस शंका आहे.

या कसोटीचा मर्म ‘कळणे’ या एका क्रियापदात आहे. वैद्य विचारतो, हा माणूस रोगी आहे काय? कायदा विचारतो, त्या एका रात्री, त्या एका क्षणी, त्यास काय कळत होते? वैद्य रोग्यास पाहतो तो दहा महिन्यांनी, तुरुंगाच्या भिंतीआड, पोट भरलेले असताना. आणि त्याने उत्तर द्यावयाचे ते चिंचवलीच्या त्या अंधाऱ्या रात्रीबद्दल. पोलिस सर्जनांनी पाहिलेली स्मरणशक्ती आणि बुद्धी या खोट्या नव्हत्या. छिन्नमनस्कतेचा हा प्रकार मोठा कपटी आहे. रोगी हिशेब बरोबर करतो, नावे-गावे नीट सांगतो, कपडे फाडीत नाही, आरडत-ओरडत नाही. एखाद्या नीटनेटक्या घरात एकच खोली कुलूपबंद असावी तसे त्याचे मन असते. घराबाहेरून कितीही आठवडे पहारा केला तरी त्या खोलीत काय आहे हे कळत नाही. ते कळण्यास त्याच्यापाशी बसून त्यास बोलते करावे लागते. आणि म्हणून सहा आठवड्यांच्या निरीक्षणापेक्षा पाच भेटींचे संभाषण मला अधिक वजनाचे वाटते.

सुदैवाने आपल्या देशात सत्र न्यायाधीशांनी दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्यावाचून अमलात येत नाही, मग आरोपी अपील करो वा न करो. या नियमामुळेच रमण राघवचे प्रकरण, त्याची स्वतःची इच्छा नसता, पुन्हा उघडले गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या आज्ञेने तीन मनोविकारतज्ज्ञांचे एक खास मंडळ नेमले गेले. त्यांनीही त्याच्याशी पाच वेळा, दर वेळी सुमारे दोन तास, बोलणे केले. आणि ती कुलूपबंद खोली उघडली.

तिच्यात दोन जगे होती. एक हे, तुम्हीआम्ही राहतो ते. आणि दुसरे ‘कानून’चे जग. रमण राघव हा त्या कानूनचा प्रतिनिधी होता. तो शक्ती होता. लोक त्याचे पुरुषत्व हरण करून त्यास स्त्री बनवू पाहत होते, त्यासाठी नाना मोह त्याच्यापुढे ठेवीत होते. परंतु तो कानूनचा प्रतिनिधी असल्यामुळे ते साधत नव्हते, आणि तो शंभर नव्हे तर एकशे एक टक्के पुरुष होता, हे तो पुनःपुन्हा सांगे. या देशात तीन सरकारे होती : अकबराचे, इंग्रजांचे आणि काँग्रेसचे, आणि ही तिन्ही सरकारे मिळून त्याचा छळ करीत होती. त्यास मुंबईस आणले ते सरकारने, चोऱ्या करावयास लाविले ते सरकारने. शेवटच्या भेटीनंतर निरोप घेताना डॉक्टरांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केले, तेव्हा त्याने हात दिला नाही. आपण कानूनचे प्रतिनिधी असल्यामुळे या दुष्ट जगातील माणसांस स्पर्श करीत नाही, असे त्याने सांगितले.

आता कलम ८४ पुन्हा वाचावे. आपले कृत्य कायद्याविरुद्ध आहे हे आरोपीस कळत होते काय? ज्याच्याविषयी हा प्रश्न विचारावयाचा तो स्वतःच कायदा होऊन बसला होता! कायदा हा शब्दच त्याच्या वेडाने पळवून नेला होता. माझी अशी समजूत आहे की, हा शब्द त्याने निवडला नाही, तो त्याच्यावर वारंवार पडत गेला. आयुष्यातील मोठा भाग ज्याने चौक्यांत, कोठडीत आणि तुरुंगात काढिला, त्याच्या कानी ‘कानून’ हा शब्द जितक्या वेळा आला असेल तितक्या वेळा प्रेमाचा वा भाकरीचाही शब्द आला नसेल. कोणाच्या वेडात देव येतात, कोणाच्या वेडात राजे येतात. तिरुनेलवेलीकडून मुंबईत येऊन पदपथावर पडलेल्या या माणसाच्या वेडात सरकार आले. मॅकनॉटनच्याही वेडात सरकारच होते. फरक एवढाच की, त्याने निदान सरकारच्या दिशेने गोळी झाडली होती.

आमच्या वारणानगरात साखर कारखान्याच्या रस्त्याला संध्याकाळी काही निवृत्त मंडळी बसतात, त्यांत मीही असतो. एकदा हा विषय निघाला असता कोडोलीचे एक शेतकरी, शिक्षण चौथीपर्यंत पण बुद्धी अशी की भल्या वकिलाने हेवा करावा, मला म्हणाले, “मास्तर, खुळा हाय म्हणं! खुळा मानूस भर दुपारी चौकात खून करंल. ह्यो रातच्याला, निजल्याली मानसं हेरून, गुपचूप मारतोय. पळूनबी जातोय. मग कसला खुळा?” सरकारी वकिलांचा युक्तिवाद याहून निराळा असण्याचे कारण नाही, आणि त्याचे वजन मी कमी लेखीत नाही. लपणे म्हणजे कळणे, असे न्यायालयेही मानीत आली आहेत. परंतु मांजर डोळे मिटून दूध पिते, यावरून चोरी हा अपराध आहे हे मांजरास कळते असे आपण म्हणत नाही. बाई लाटणे घेऊन येईल एवढेच त्यास कळते. ज्यास सारे जग आपल्यावर उठले आहे असे वाटते, तो लपल्यावाचून राहीलच कसा? लपण्यावरून पोलिस आहेत हे त्यास ठाऊक होते एवढे सिद्ध होते. पोलिसांचे बरोबर आहे असे त्यास वाटत होते, हे सिद्ध होत नाही. मी हे बोलून दाखविल्यावर ते शेतकरी गृहस्थ हसले आणि म्हणाले, “तुमचं मांजर फाशी जात न्हाई मास्तर, पर मार तर खातंयच की.” यावर मला उत्तर सुचले नाही. पुढे विचार करता असे वाटले की, उच्च न्यायालयाचा निकाल त्यांनी एका वाक्यात सांगितला होता.

वेडाच्या दाखल्याकडे संशयाने पाहण्याची आम्हा कोल्हापूरकरांची रीत मात्र आजची नव्हे. १८७१ साली करवीरच्या गादीवर दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज वेडे झाले आहेत असे राज्यकारभार पाहणारे म्हणत, आणि महाराज वेडे नाहीत, त्यांस वेडे केले जात आहे, असे प्रजा म्हणे. ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी प्रजेची बाजू घेतली. दिवाण माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. १८८२ साली टिळक-आगरकरांस चार महिन्यांची शिक्षा झाली व त्यांपैकी एकशे एक दिवस दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात काढिले. पुढच्याच वर्षी २५ डिसेंबरला अहमदनगरच्या किल्ल्यात, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत, तो वीस वर्षांचा राजा मरण पावला. त्याचे वेड किती खरे आणि किती लादलेले, यावर आमच्या आजोबांच्या पिढीतही तावातावाने वाद होत. राजाला वेडा ठरविणे काही लोकांच्या सोयीचे होते, आणि रमण राघवला शहाणा ठरविणे साऱ्या शहराच्या सोयीचे होते. सोय कोणत्या बाजूस आहे हे पाहून मग दाखला वाचावा, एवढा धडा या दोन प्रकरणांतून मी घेतला आहे. परंतु दाखला वाचूच नये असा धडा घेणारे जे आहेत, त्यांच्याशी माझे जमत नाही.

उच्च न्यायालयाने मंडळाचे निदान स्वीकारले आणि फाशी रद्द करून जन्मठेप दिली. काटेकोर तर्काने पाहता हा निकाल ना इकडचा ना तिकडचा. कलम ८४ लागू असेल तर आरोपी निर्दोष सुटून वेड्यांच्या इस्पितळात जावयास हवा होता. लागू नसेल तर सत्र न्यायाधीशांची शिक्षा बदलण्यास कारण नव्हते. अपराधी आहे, पण फाशी देण्याजोगा नाही, असा कप्पा त्या कलमात नव्हताच. तरीही मला हाच निकाल योग्य वाटतो. ‘कळणे’ हे दिव्याच्या बटनासारखे नाही. मधे संधिप्रकाशाचा फार मोठा प्रदेश असतो, आणि रमण राघव त्या प्रदेशाचा रहिवासी होता. त्यास मोकळे सोडणे म्हणजे झोपडीत निजणाऱ्यांचा विश्वासघात झाला असता; आणि स्वतःस कानूनचा प्रतिनिधी समजणाऱ्या रोग्याच्या गळ्यात खऱ्या कानूनने दोरी अडकविणे, यात शिक्षेचा कोणता हेतू साधला असता हे मला कोणी सांगितलेले नाही. त्यास पश्चात्ताप शिकवावयाचा होता म्हणावे, तर ते त्याच्या रोगाने अशक्य केले होते. इतरांस दहशत बसवावयाची म्हणावे, तर त्याच्यासारखे वेड असलेला दुसरा माणूस वर्तमानपत्र वाचून आपले वेड आवरीत नाही. उरतो तो सूड. सुडाची भूक खोटी नाही हे मी जाणतो. माझे चुलते त्या पंधरा रात्री आमच्या खोलीत उठून बसत, ते मी पाहिले आहे.

न्यायालयाने तेव्हा जे आडवाटेने केले, ते पुढे राजमार्गावर आले. २०१४ साली शत्रुघ्न चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आजार हे फाशी कमी करण्याचे एक कारण मानले. आणि २०१९ साली महाराष्ट्रातीलच एका कैद्याच्या बाबतीत, ज्याचे नाव न उच्चारता न्यायालयाने त्यास केवळ ‘आरोपी क्ष’ म्हटले, शिक्षेनंतर जडलेल्या गंभीर मनोरोगामुळे फाशी रद्द केली. त्या निकालात नाव झाकले गेले याचे मला विशेष वाटते.

या साऱ्या चर्चेत एक प्रश्न मात्र बाजूला पडतो, आणि तो खुन्याच्या शहाणपणाचा नाही. १९६६ साली नऊ माणसे मेली तेव्हा मुंबई घाबरली नाही. ती घाबरली १९६८ साली. असे का? मारले गेले ते दोन्ही खेपेस एकाच जातीचे लोक, म्हणजे ज्यांच्या झोपण्याच्या जागेस दार नसते त्या जातीचे. बंगल्यातील एक माणूस तशा रीतीने मेला असता, तर पुराव्याअभावी सुटलेला तो संशयित दोन वर्षे कोणाच्या नजरेआड राहिला असता काय? वेडाने त्याच्या हातात हत्यार दिले असेल. परंतु कोणाला मारले असता फारशी ओरड होत नाही, हे ज्ञान त्यास वेडाने दिले नव्हते. ते या जगाकडून मिळाले होते, कानूनच्या जगाकडून नव्हे.

तात्यासाहेब कोरे यांनी कारखाना उभा करण्यापूर्वी जेथे नुसता माळ होता, त्या आमच्या या गावी दरवर्षी गळिताचा हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोडीची माणसे येतात. बांबूची कांब वाकवून, वर चटई आणि पाचट टाकून ती कोपी उभी करतात. आत चूल, बाजूस बैल, आणि तोंडाशी लुगड्याचा पडदा. पहाटेच्या थंडीत मी फिरावयास जातो तेव्हा त्या पडद्यांपुढून जावे लागते. आत माणसे निजलेली असतात, त्यांच्या श्वासाचा आवाज रस्त्यावर ऐकू येतो. मुंबईच्या उपनगरांत रमण राघव ज्या पडद्यांपुढे उभा राहिला, ते याहून जाड नव्हते.

शिक्षा कमी झाल्यावर तो येरवड्यास राहिला. दोन्ही अर्थांनी राहिला, असे म्हणावयास हरकत नाही, कारण राहणे कारागृहात आणि उपचार मनोरुग्णांचे. व्याधी बरी होण्याजोगी नाही असे वैद्यांचे म्हणणे होते, आणि ती बरी झाली नाही. ७ एप्रिल १९९५ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडे निकामी होऊन तो मेला. त्याच्यावर १९९१ साली एक चित्रपट निघाला होता, २०१६ साली आणखी एक निघाला.

मेल्याची बातमी आली त्या सुमारास मी काही कामासाठी मुंबईस गेलो होतो आणि मालाडला चुलत्यांकडे उतरलो होतो. गिरणीचा संप झाल्यावर आमचे वडील गावी परतले, पण चुलते तेथेच राहिले. त्यांच्या झोपडीची तोवर पक्की खोली झाली होती. रात्री जेवण झाल्यावर मी त्यांस म्हणालो की, काका, तो रमण राघव वारला. त्यांस प्रथम नाव लक्षात येईना. मग आले. “मेला?” ते म्हणाले, “मला वाटलं, कवाच टांगला आसंल त्येला.” आणि उठून त्यांनी दाराच्या वरची व खालची, दोन्ही कड्या लावून घेतल्या.